चंद्री थांबेल ते प्रेक्षणीय

नानांच्या सहलीत काय बघायचं ते नाना ठरवत नसत, त्यांची घोडी ठरवत असे. चंद्री जिथे थांबेल ते ठिकाण प्रेक्षणीय. मग ती दातांच्या डॉक्टरच्या पायरीशी थांबो की बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीपुढे. नाना लगाम सैल सोडून पाहुण्यांकडे वळत आणि खणखणीत आवाजात माहिती द्यायला लागत. "ही गिरणी. हिचा पट्टा तुटला तेव्हा आवाज पार पापडी गावापर्यंत गेला होता." पाहुणे बिचारे गिरणीबरोबर फोटो काढून घेत.

त्याचं कारण साधं होतं. चंद्रीची सारी हयात टांगा ओढण्यात गेली होती आणि जुने थांबे तिच्या अंगात मुरले होते. वसईत रिक्षा वाढल्या तसे टांगे बंद पडले. घोडी विका आणि रिक्षा घ्या, असं नानांना सगळ्यांनी सांगून पाहिलं. "रिक्षाला हाक मारली तर ती मान वळवते काय?" एवढंच नाना म्हणाले. त्यांनी टांगा विकला, लिलावातली एक खटारा जीप आणली आणि दर रविवारी 'बेटदर्शन' सुरू केलं. तीन बाजूंना खाडी, चौथीला समुद्र, म्हणजे वसई हे बेटच, हे मुंबईहून आलेल्या प्रत्येक फ्लॅटवाल्याच्या गळी उतरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मी त्यातलाच एक. उमेळ्याला नानांच्या घरासमोरच्या इमारतीत राहायला आलो, मला गाडी चालवता येते हा शोध नानांना लागला आणि माझे रविवार गेले. एक पाहुणा घोडीवर, लगाम धरून नाना पायी पुढे आणि बाकीची वरात मागे, मी हाकत असलेल्या जीपमध्ये. केळीच्या वाड्यांतून, बांधांवरून, चिखलातून आदळत आपटत भुईगावच्या वाळूवर पोचायचं आणि अर्ध्या वाटेत पाहुण्यांची अदलाबदल करायची. कुणी म्हणालं, काका, जरा फास्ट चला ना, तर नाना वळूनही बघत नसत. "बेट कुठं पळून जात नाय."

सांडोरच्या एका निळ्या फाटकापाशी मात्र नाना एकदम गप्प होत. आतून एक तरुण बाई पाण्याची बादली आणि गुळाचा खडा घेऊन येई, चंद्रीच्या मानेवरून हात फिरवी आणि परत जाई. ती नानांशी बोलत नसे, नाना तिच्याशी बोलत नसत. मागे बसून बसून माझ्या लक्षात आलं, की एरवी सैल असणारा लगाम या एकाच ठिकाणी नाना हळूच ओढतात. चंद्री तिथे थांबत नव्हती, तिला थांबवलं जात होतं.

माझ्या बायकोनं शेजारी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. ती नानांची एकुलती एक मुलगी, शैला. आई गेल्यावर नानांनीच तिला वाढवलेली. तिनं घरी न विचारता लग्न केलं आणि नानांनी बोलणं टाकलं. मला हा आडमुठेपणा अजिबात सहन होईना. एकदा मी सरळ म्हणालो, "नाना, एक शब्द बोला की तिच्याशी."

"मी बोलायला जातो काय तिकडं? घोडीला पानी लागतं."

"पाणी कुठेही मिळेल."

"हितलं पानी गोड हाय," नाना म्हणाले आणि चालायला लागले.

पुढे शैलाला दिवस गेले. तिला बादली जड जाऊ लागली तशी नाना आधीच दोन पावलं पुढे होऊन ती उचलून घेत. तोंड मात्र दोघांचंही बंद.

मग एका रविवारी फाटक उघडलंच नाही. नाना लगाम ओढून उभे. घोडीवर भाईंदरचे एक वजनदार बँकवाले बसले होते, त्यांनी विचारलं, "इथं काय बघायचंय?" नाना म्हणाले, "थांबा." बऱ्याच वेळानं शैलाची सासू बाहेर आली. "नाना, शैलाला पहाटेच गावातल्या हॉस्पिटलात नेलीय. अजून सुटका नाय. लय त्रास होतोय पोरीला."

नानांनी चंद्रीचं तोंड फिरवलं. मी मागून ओरडलो, "नाना, समुद्र इकडे."

"आज सहल तिकडून जाईल."

म्हातारा जवळजवळ पळत होता, बँकवाले दोन्ही हातांनी खोगीर धरून बसले होते आणि मी मागून त्या लहानशा प्रसूतिगृहाच्या दारात जीप आणून उभी केली. तिथेच, लगाम हातात धरून, नाना पायरीखाली थांबले.

नर्स बाहेर आली. घोडी, तिच्यावरचे बँकवाले आणि जीपभर माणसं बघून तिला काही सुचेना. "मुलगी झाली, आत्ताच. दोघी ठीक आहेत. पण तुम्ही पेशंटचे कोण?"

नानांचे ओठ हलले. मी बापलेकीत पडणार नव्हतो, पण नाना काहीतरी बोलू देत म्हणून मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो.

"तिला सांगा," नाना शेवटी म्हणाले, "घोडी आलीय."

नर्स माझ्याकडे बघत आत गेली आणि लगेच परत आली.

"पेशंट म्हणतेय, घोडीला बाहेरच राहू दे. बाबांना आत पाठवा."

नानांनी लगाम माझ्या हातात दिला.