तोफ्ते घराण्याचा दगड

"जमीन विकत घेता येते, घराणं नाही!" कॉफीचा कप बशीत आदळत आर्नफिन तोफ्ते म्हणाला.

त्याच्या बायकोने, बोर्गहिल्डने, चीजचा पातळ काप काढून पावावर ठेवला. राग कुणावर आहे हे तिला विचारायची गरज नव्हती. आर्नफिनचे पूर्वज जिथे राहिले, त्या गावाबाहेरच्या तोफ्ते नावाच्या वाडीवर हल्ली वाउटर नावाचा डच माणूस राहायचा. नॉर्वेत जुना रिवाज असा, की ज्या वाडीवर राहाल तिचंच नाव लावायचं. वाडी सुटली की आडनावही सुटलं. रिवाज कागदावरून गेला, पण गावाच्या तोंडातून गेला नाही. दुकानात लोक त्या डच माणसाला खुशाल विचारायचे, "काय तोफ्ते, यंदा बटाटे कसे?" आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या आर्नफिनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आर्नफिन निवृत्त पोस्टमास्तर. सोमवारी चर्चची जुनी दफ्तरं, मंगळवारी वंशावळ शिकणाऱ्यांचा वर्ग, बुधवारी इतिहास मंडळ, म्हणजे इतिहास थोडा आणि वाफलची गोड धिरडी फार. गुरुवारी तो नातेवाइकांना फोन करी, त्यामुळे नातेवाईक गुरुवारी फोन उचलत नसत. या साऱ्या खटाटोपाचा कळस येत्या शनिवारी होता. तोफ्ते मंडळींचं संमेलन, वाडीच्या अंगणात कोरीव दगडाचं अनावरण आणि आर्नफिनचं भाषण. 'तोफ्ते घराण्याचे मूळ स्थान' अशी अक्षरं कोरून दगड तयार होता. अंगण तेवढं वाउटरचं होतं.

"जा की, गोडीत विचार त्याला," बोर्गहिल्ड म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. तुम्हा रूडवाल्यांना घराण्यातलं काय कळतं?"

रूड म्हणजे डोंगरावरची दगडधोंड्यांची वाडी, बोर्गहिल्डचं माहेर. हे वाक्य ती लग्नापासून ऐकत आली होती.

आर्नफिन नाक मुठीत धरून गेला. वाउटर ट्रॅक्टरखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "दगड? उभा करा ना! नाहीतरी आपण दोघं एकाच माळेचे मणी."

"ते कसे काय?"

"मी वाडी विकत घेतली, तुमच्या त्या निल्स खापरपणजोबांनीही विकतच घेतली होती."

"कोण म्हणतं असं?"

वाउटरने डोंगराकडे बोट केलं. "ते कुरण बघा. माझ्या हद्दीत आहे, पण माझं नाही. असं का, म्हणून म्हाताऱ्या शेजाऱ्यांना विचारलं. म्हणे जुन्या तोफ्त्यांनी घर विकलं, कुरण ठेवलं आणि वर रूडला राहायला गेले. तिथे गेले, ते रूड झाले. तुम्हाला माहीत नव्हतं? अहो, तुम्ही तर संशोधक!"

आर्नफिन घरी येऊन कागदांत डोकं खुपसून बसला. इतकी वर्षं तो नावाचं शेपूट धरून मागे मागे गेला होता. प्रत्येक पिढीत वाडीवर तोफ्ते सापडला, की स्वारी खूश. निल्स तोफ्ते आणि त्याच्या आधीचा तोफ्ते हे बापलेक आहेत की नाहीत, हे बघायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. ही चूक करू नका, असं तो दर मंगळवारी वर्गात बजावत असे.

"असा काय चेहरा झालाय? कुणी गेलं का?" बोर्गहिल्डने विचारलं.

"वाउटर खरं बोलला," आर्नफिन पुटपुटला, आणि सगळं सांगून मोकळा झाला. बिचाऱ्याला रडूच यायचं बाकी होतं.

"म्हणजे अस्सल तोफ्ते आम्ही?"

"रक्तानं म्हणशील तर... हो."

"अगं बाई!"

"संमेलन रद्द करू या. कोणत्या तोंडानं भाषण करू?"

"वेडा आहेस का? लोक अमेरिकेहून निघालेत. भाषणाचं मी बघते."

शनिवारी दगड थाटात उभा राहिला. वाउटरने ध्वज चढवला. बोर्गहिल्डने फोन केल्यामुळे डोंगरावरून झाडून सगळे रूडवाले उतरले होते. चांदीच्या बटणांचा ठेवणीतला पोशाख घालून तिने झकास भाषण केलं, वाउटरलाही तोफ्ते म्हणून टाळ्या मिळवून दिल्या, आणि शेवटी कोपऱ्यात वाफल भाजत असलेल्या नवऱ्याकडे हात केला.

"आणि हा आर्नफिन, आपल्या तोफ्त्यांचा जावई. माणूस चांगला आहे, सांभाळून घ्या. घराण्यातलं त्याला फारसं कळत नाही."