निम्मी निम्मी चूक

देशी आणि परदेशी अशा दोन कंपन्यांनी मिळून सात मजली इमारत बांधायला घेतली, तेव्हा आधीचे असले संयुक्त प्रकल्प का बुडाले याचा रीतसर अभ्यास करण्यात आला. काम बिघडल्यामुळे कुणीच बुडालं नव्हतं. बिघडल्यावर दोघं एकमेकांच्या नावानं खडे फोडत बसले, म्हणून बुडाले. तेव्हा करारात कलम आलं: श्रेय निम्मं निम्मं, आणि चूकही निम्मी निम्मी.

देशी कंपनीचा साइट इंजिनीअर खूश झाला. त्यानं याच इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि बायकोनं पडद्यांचं कापडही आणून ठेवलं होतं.

पहिल्याच मजल्यावर परदेशी कंपनीचा एक खांब बोटभर डावीकडे कलला. इंजिनीअरनं ओळंबा लावून दाखवला आणि खांब पाडून नव्यानं उभारा म्हणाला. पण पाडला तर चूक एकाचीच ठरत होती, म्हणजे कराराचा भंग. दोन्ही कंपन्यांचे साहेब दिवसभर बसले. देशी कंपनीनंही आपला एक खांब बोटभर उजवीकडे कलवावा, असं खेळीमेळीत ठरलं.

"साहेब, मी तिथं मुलाबाळांना घेऊन राहणार आहे हो," इंजिनीअर काकुळतीला आला.

"तुम्हाला संयुक्त काम कळत नाही," देशी साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "एकाचा खांब कलला तर ती चूक. दोघांचे कलले की ती पद्धत."

देशी खांब हौसेनं दोन बोटं कलला. मग दुसऱ्या मजल्यावर परदेशी कंपनीनं फरक भरून काढला, तिसऱ्यावर देशी कंपनीनं. सातव्या मजल्यापर्यंत एकही तंटा झाला नाही. या यशाचं रहस्य शोधायला तज्ज्ञ आले. त्यांनी फायली वाचल्या, आदर्श भागीदारीचं पारितोषिक जाहीर केलं, आणि इमारत पाहायला त्यांना वेळ उरला नाही.

ताबा मिळाला त्या दिवशी इंजिनीअरनं भीत भीत बायकोला सगळं सांगितलं. ती कपाटाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवत म्हणाली, "कुठे बोलू नका. बाहेर कळलं तर घर विकतासुद्धा यायचं नाही."

शेजाऱ्यांनीही आपापले पुठ्ठे सरकवले होतेच. साऱ्या इमारतीत अळीमिळी गुपचिळी. परवा तुम्हीच त्या इंजिनीअरकडे चहाला गेला होतात. टेबलावरून घसरणारा कप एका हातानं धरून तुम्ही घराचं तोंडभर कौतुक केलंत, आणि निघताना हळूच विचारलंत, इथे एखादा फ्लॅट शिल्लक आहे का.