डेल कुचेरा स्मारक समिती आणि गवताची उंची

सतरा मे रोजी सकाळी आठ वाजता डोब्रावाच्या बेसबॉल मैदानावर, पिचर जिथून चेंडू टाकतो त्या मातीच्या उंचवट्यापासून सहा पावलांवर, गवताची उंची साडेनऊ इंच होती. मी लाकडी फूटपट्टीने तीन ठिकाणी मोजून सरासरी काढली. डेल कुचेराला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. तो होता तोवर, म्हणजे सलग एकतीस वर्षं, हे गवत दोन इंचांच्या वर गेलं नव्हतं.

माणसाचं मोठेपण समाजाला पूर्णपणे पटतं ते तो काही काम करण्याच्या स्थितीत उरला नाही की. आमचं गाव याला अपवाद नाही. नेब्रास्कातल्या तेराशे चाळीस वस्तीच्या गावाने एका माणसाचा इतका पद्धतशीर गौरव केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही, आणि मी चौतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं असल्यामुळे पुराव्याशिवाय बोलत नाही.

डेल डावखुरा पिचर होता. नऊ वर्षं तो छोट्या छोट्या संघांबरोबर बसमधून हिंडला आणि एकोणीस दिवस देशातल्या सर्वांत वरच्या साखळीत खेळला. तीन सामने, चौदा खेळाडू बाद. (त्याच तीन सामन्यांत त्याच्या चेंडूंवर किती धावा निघाल्या, हा आकडा गौरवपत्रातून दीड तासाच्या चर्चेनंतर वगळण्यात आला. डेल तो न विचारता सांगायचा.) मग तो गावी परतला आणि धान्याच्या कोठारावर नोकरीला लागला. सुटीच्या वेळात त्याने मैदानाचं गवत कापलं, चुन्याच्या रेघा मारल्या, घुशींची बिळं बुजवली आणि हिवाळ्यात अकरा विधवांच्या दारातला बर्फ उपसला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कुणी थांबवलंही नाही.

दुःखाच्या घरी आमच्याकडे झाकलेलं भांडं नेतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून तिच्यावर आपलं नाव लिहितात, म्हणजे दुःख ओसरलं की भांडं परत मिळतं. डेलची बायको अर्लीन हिच्याकडे एक्केचाळीस भांडी आली. बिननावाचं एकही नव्हतं.

स्मारक समिती दहाव्या दिवशी स्थापन झाली. अध्यक्ष रोलंड श्टास्नी. हा माझाच विद्यार्थी. रसायनशास्त्रात दुसऱ्या खेपेला सुटला. सचिव मी, कारण माझं अक्षर वाचता येतं. पहिल्या बैठकीला अर्लीन कोलाची, म्हणजे आलुबुखाराचं सारण भरलेले गोड पाव, घेऊन आली. सगळ्यांनी दोन-दोन खाल्ल्यावर तिने विचारलं,

"रोलंड, हे सगळं छान आहे रे. पण गवत कोण कापणार?"

"काकू, डेलकाकांचं मोठेपण असं गवतापुरतं नका हो ठेवू."

"मोठेपण राहू दे. अठरा पोरं आहेत संघात. चेंडू गेला की सापडत नाही त्यांना."

"बाई," रोलंड माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं: 'कुटुंबीयांनी भावना व्यक्त केल्या.' पुढच्या तेरा महिन्यांत तेवीस बैठका झाल्या आणि हे वाक्य इतिवृत्तात तेवीस वेळा आहे.

गौरवाचा ठराव सातव्या बैठकीत तयार झाला. त्यात सतरा 'ज्याअर्थी' होते. ज्याअर्थी श्री. कुचेरा यांनी निःस्वार्थ सेवेचा आदर्श घालून दिला. ज्याअर्थी असा आदर्श पिढ्यान्‌पिढ्या अनुकरणीय आहे. आणि असंच पुढे. 'त्याअर्थी' एकच होता, आणि त्यात काय करायचं यावर एकमत होईना, म्हणून तिथे 'टाळ्या' असं लिहिलं.

दरम्यान गवत चौदा इंचांवर गेलं. आठ इंचांवर गवत वाढू देणं हा आमच्या नगरसभेच्या नियमाप्रमाणे गुन्हा आहे, म्हणून नगरसभेने मैदानाची देखभाल करणाऱ्याला नोटीस पाठवली. देखभाल करणारा म्हणून दप्तरी एकच नाव होतं. श्री. डेल्मर कुचेरा यांना अशा चार नोटिसा गेल्या. चौथीत 'आपण वारंवार दुर्लक्ष करीत आहात' असं म्हटलं होतं. अर्लीनने ती बैठकीत वाचून दाखवली, तेव्हा समितीला फार वाईट वाटलं, आणि समितीने तातडीने मैदानावरचं गवत हे गवत नसून स्मारकाचा भाग असल्याचा निर्णय घेतला. नोटिसा थांबल्या.

यानंतरचा टप्पा अपरिहार्य होता. मोठ्या खेळाडूच्या पाठीवरचा आकडा निवृत्त करतात, म्हणजे त्या संघात तो आकडा पुन्हा कुणी घालत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. डेलचा सत्तावीस आम्ही निवृत्त केलाच. पण डेलने सत्तावीस आकडा नऊ वर्षं घातला आणि गवत कापायचं यंत्र एकतीस वर्षं चालवलं. तेव्हा न्यायाने पाहता यंत्राचा अधिकार मोठा होता. समितीने ते अर्लीनकडून मागून घेतलं, पुसलं आणि वाचनालयात काचेच्या पेटीत ठेवलं. (किल्ली द्यायची अर्लीन विसरली. निवृत्त यंत्राला किल्ली लागत नाही, म्हणून कुणी मागितली नाही.) यंत्र निवृत्त झाल्यावर त्याचं काम दुसऱ्या कुणी करणं म्हणजे डेलचा आकडा पाठीवर चढवून मिरवण्यासारखं झालं असतं. इतकं वाईट वागणारं आमच्या गावात कुणी नाही.

माझ्या पाहणीनुसार गावात पाचशे बारा घरं आणि पाचशे चाळीस गवत कापायची यंत्रं आहेत. त्यांतलं एक माझं.

पोरांचा संघ एकोणीस मैलांवरच्या गावी जाऊन 'घरचे' सामने खेळू लागला. दुसऱ्या वर्षी पोरांचे सामने भरवणाऱ्या साखळीचं पत्र आलं: एक जुलैपर्यंत मैदान खेळण्याजोगं झालं नाही, तर डोब्रावाचं नाव वेळापत्रकातून कायमचं काढण्यात येईल. समितीने पत्राची गंभीर दखल घेतली आणि ते फाइलीत लावलं.

मी दर शनिवारी मोजमाप चालूच ठेवलं. माझं घर मैदानासमोरच आहे. एका शनिवारी अर्लीन कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

"अगं ओपल, तेरा महिने झाले. दर शनिवारी येतेस, वाकतेस, मोजतेस, जातेस. कंबर दुखत नाही तुझी?"

"नोंद राहायला हवी, अर्लीन."

"डेल म्हणायचा, ओपल चांगली बाई आहे हो, फक्त तिची वही मिटत नाही." तिने गवताकडे बोट केलं. "किती आहे आज?"

"एकवीस इंच."

"त्यातल्या किती काड्यांना बी धरलंय?"

मला वाटलं ती खरंच विचारतेय. मी मोजून सांगितलं.

एकवीस जूनला दुपारी अनावरण झालं. मैदानात खुर्च्या दिसेनात, म्हणून दोनशे बारा खुर्च्या रस्त्यावर मांडल्या. वाजंत्री होती. पितळी पाटीवर डेलचं नाव आणि खाली बारा इंचांची एक ओळ कोरी होती. ती कुटुंबीयांच्या मजकुरासाठी. तिथे काय लिहायचं हे अर्लीनला पहिल्या बैठकीपासून विचारत होतो आणि ती दर वेळी "विचार करतेय" म्हणत होती. सतरा ज्याअर्थी वाचून झाल्यावर रोलंडचे डोळे भरून आले.

"काकू, आज तरी सांगा. कोरणारा माणूस ताटकळलाय."

अर्लीन उठली. पाटीपाशी जाऊन तिने पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं, कोऱ्या ओळीवर एक पट्टी नीट दाबून लावली आणि पाटीच्या कोपऱ्यावर यंत्राची किल्ली अडकवली. मग पेन वर धरून ती आमच्याकडे वळली.

"ठरलं माझं. इथे डेलबद्दल काही नको, त्याचं त्याने करून ठेवलंय. उद्यापासून गवत जो कापणार, त्याचं नाव या ओळीत. कसं लिहायचं ते तुम्हाला शिकवायला नको. एक्केचाळीस भांडी परत केलीत मी."

दोनशे बारा जणांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना पेन घ्यायला हात मोकळा राहत नाही, ही एक नोंद. तुम्हीही आत्ता मनातल्या मनात वाजवत असाल, तर दुसरी नोंद अशी, की पट्टी बारा इंचांची आहे, माझं नाव अडीच इंचांत बसतं, आणि उरलेल्या जागेत तुमचं आरामात मावेल.