संतपूरचे सोळा बिबटे

निजामाच्या राज्यात माझ्यासारखा बिनचूक अहवाल लिहिणारा कारकून दुसरा नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. छाती तेवढी धडधडते, ते सोडा.

आमच्या तहसील कचेरीत हप्त्याचा, म्हणजे दर आठवड्याचा, तक्ता माझ्याकडे होता. गावागणिक पाऊस किती, गुरं मेली किती, हिंस्र जनावरं दिसली किती. माझ्याआधीचे कारकून चनमल्लप्पा जाताना मला कानमंत्र देऊन गेले होते.

"अंकुशराव, रकान्यात सिफर कधी लिवू नका. शून्य दिसलं की वरचे इचारतात, गावात गेलता का? एक लिवा. एकाला कुणी काई इचारत न्हाई."

मग काय! लहान गावांना मी कोल्हे-लांडगे वाटून टाकले. संतपूर मोठं गाव, त्याला शोभेलसं काही द्यायला हवं, म्हणून दर हप्त्याला एक बिबट्या दिला.

सोळा हप्ते सुखाचे गेले. मग जिल्ह्याला नवे तालुकदार साहेब, म्हणजे आमचे कलेक्टर, आले. त्यांना एक भयंकर खोड होती. आलेला कागद ते वाचत! नुसतं वाचून थांबतील तर शपथ, बेरीजही करत!

हुकूम सुटला: संतपुरात सोळा बिबटे, सबब आठवडी बाजार बंद, शाळा बंद, एकट्यादुकट्यानं शेतात जाणं बंद.

दुसऱ्या दिवशी संतपूरचे पोलीस पाटील वीरण्णा कचेरीत हजर.

"अंकुशराव, सोळा? आमच्या गावात सोळा मांजरं न्हाईत की वो!"

"सरकारी आकडा आहे, पाटील."

"मग आमाला एकबी कामून दिसंना?"

"तीच तर गोम आहे! बिबट्या दिसत नसतो. दबा धरून बसलेला असतो."

हे बोलायला नको होतं. पाटील आले होते तावातावानं, गेले भिंतीला पाठ लावून.

पुढच्या हप्त्यात संतपूरहून खुद्द पाटलांच्या सहीचा कागद आला. मल्लव्वाला विहिरीवर बिबट्या दिसला, बंडेप्पाची शेळी गेली, एकूण बिबटे चार. मी पोट धरून हसलो. त्यानंतरच्या हप्त्यात आणखी सात! मग मात्र हसू आटलं. भर दुपारी परसात जायचं तरी मी हातात काठी घेऊ लागलो.

"अवो," आमच्या सौ. राजूबाई म्हणाल्या, "बिबटे तुमीच लिवलाव म्हणता, मग भ्यायलाव कामून?"

"मी सोळाच लिहिले गं! सतरावा कुणी लिहिला?"

यावर त्यांनीही परसाचं दार लावून घेतलं.

तेवढ्यात दुसरा हुकूम आला. साहेब जातीनं शिकारीला येणार. ज्या कारकुनानं तक्ता लिहिला त्यानं जागा दाखवायला पुढं राहावं. तक्ता खोटा निघाला तर तुरुंग, खरा निघाला तर बिबट्या!

"तुरुंग बरा," कचेरीचा शिपाई तिप्पण्णा म्हणाला. "तितं जेवण तरी भेटतंय."

"आणि बिबट्याकडं?"

"तितंबी जेवण हाय की. पर बिबट्याला."

ठरल्या दिवशी सकाळी दहाला संतपूरच्या शिवारात जनावर उठवायचा हाका सुरू झाला. साहेब कडुलिंबावर बांधलेल्या मचाणावर, हातात बंदूक. मीही वर चढायला मचाणाच्या दोरीला हात घातला.

"तुम नीचे ठैरो," वरून आवाज आला. "तुमकू उनकी आदत है."

डफडी वाजली, पत्र्याचे डबे बडवले गेले. समोरची तूर हलली. थांबली. पुन्हा हलली, नेमकी माझ्या दिशेनं! तुरीतून काहीतरी तांबूस पुढं सरकलं. झाडावर मी कधी चढलो ते मला ठाऊक नाही. झाड बाभळीचं होतं, हे मात्र लगेच कळलं.

"मारू नगा! माजी शेळी हाय ती!" बंडेप्पा डफडं टाकून धावला.

पंधरा दिवस बिनबोभाट तूर खाऊन शेळी म्हशीएवढी झाली होती. दुपारपर्यंत अख्खं संतपूर चाळून झालं. बिबट्या तर सोडाच, त्याची मिशीसुद्धा सापडली नाही.

साहेबांनी मला बोलावलं. मी बाभळीवरून थोडा थोडा खाली आलो. धोतराचा बराचसा भाग वरच राहिला. साहेबांनी तक्ता उघडला.

"सत्ताईस थे?"

"जी."

"आज कितने?"

नोकरी गेली, आता बिदरचा तुरुंग! चनमल्लप्पांचा कानमंत्र विसरून मी जन्मात पहिल्यांदा खरा आकडा बोललो.

"सिफर, साहेब."

साहेब तक्त्याकडं बघत राहिले. मग माझ्या फाटक्या, रक्ताळलेल्या अवताराकडं. आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला.

"सत्ताईस से सिफर! बंदोबस्त इसकू बोलते!"

आठ दिवसांत बढतीचा कागद आला. असा कर्तबगार माणूस तुरीच्या मुलखात वाया जाऊ नये, म्हणून माझी बदली अमराबादच्या जंगलात. तिथं वाघ होते. न लिहिता होते!

"आता तितं तरी खरं लिवा," राजूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

लिहायचं मनात होतं, खोटं कशाला बोलू? पण पहिला तक्ता भरायला बसलो आणि खिडकीखालीच डरकाळी फुटली. मी दाराला आणखी एक अडसर घातला आणि वाघांच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: सिफर.

वरून विचारणा आलीच, बाहेर जाऊन मोजले का? आता चनमल्लप्पांनी यावर कानमंत्र दिलेला नव्हता!