जीवशास्त्राचं अखंड पारायण

जिंतूर तालुक्यात माझ्याइतकी कीर्तनं ऐकलेला दुसरा माणूस दाखवा, मी त्याच्या घरी पाणी भरीन! चाळीस वर्षांत एकही शिवनाम सप्ताह चुकवलेला नाही. कोणत्या महाराजांनी कोणता दृष्टांत दिला आणि तो देताना मध्येच किती वेळा घोटभर पाणी प्यायले, हेही सांगतो. एक अक्षर लिहून घेतलेलं नाही. सगळं कानानं.

म्हणून आमची शिवरंजनी फार्मसीच्या प्रवेश परीक्षेपायी रडकुंडीला आली, तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही.

बारावी होऊन गेली होती. सीईटीला पंधरा दिवस उरले होते. सरकारी कॉलेजात बी. फार्मसीची जागा मिळायची तर सगळी मदार त्या एका पेपरवर. पोरीला औषध बनतं कसं ते शिकायचंय. मला बाजारपेठेत माझ्या भांड्यांच्या दुकानाशेजारी 'शिवरंजनी मेडिकल' असा बोर्ड बघायचाय. दोघांचा रस्ता एकच, म्हणून मी तिच्या पाठीशी.

"आप्पा, लक्षातच राहिना गेलंय," ती म्हणाली. "आज वाचलेलं उद्या पुसून जायलंय."

मी विभूती लावलेल्या कपाळाला हात लावून हसलो. आमच्या गल्लीतल्या सरजाबाई कधी शाळेची पायरी चढल्या नाहीत, पण पारायणाचे अठरा अध्याय त्यांना तोंडपाठ! का? तर सप्ताह. सात दिवस, ठरलेला ग्रंथ, पाळीपाळीनं वाचन, प्रत्येक अध्यायानंतर अर्थ, संध्याकाळी कीर्तन. या पद्धतीपुढे रसायनशास्त्र म्हणजे काय?

बायको भागम्मा एवढंच म्हणाली, "आवो, पुस्तकं तिची एकेकच हायती." मला त्या वाक्याचा रोख कळला असता, तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

सोमवारी सकाळी आमच्या सप्ताह कमिटीनं ओसरीत मांडव घातला. चौरंगावर तिन्ही पुस्तकं मांडली, बेल वाहिला. वाचायला आसाराम अण्णा, निवृत्त पोस्टमास्तर. गल्लीत धडाधड इंग्रजी वाचणारे तेवढेच. अण्णांनी रसायनशास्त्राचं पहिलं पान पोथीच्या चालीवर लावलं आणि पंचवीस बायकांनी ओळीगणिक "हर हर महादेव" म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला.

दहा वाजता शिवरंजनी आली आणि जीवशास्त्राचं पुस्तक उचलायला वाकली. मी तिचा हात धरला. एकदा चौरंगावर ठेवलेला ग्रंथ समाप्तीपर्यंत उचलायचा नसतो, हे लहान लेकरालाही माहीत असतं.

"मग मी अभ्यास कशातून करू?"

"तू ऐकायचं. श्रवण."

"आप्पा, तिथं कॉम्प्युटरवर प्रश्न सोडवायचे असतेत. ऐकायचे नसतेत."

मी म्हणालो, आधी मन भरू दे, प्रश्न आपोआप सुटतील. ती खांबाला टेकून बसली आणि माझ्याकडे असं बघत राहिली, जसं गिऱ्हाईक पोचा पडलेल्या तांब्याकडे बघतं.

संध्याकाळी शिवकांत महाराजांचं कीर्तन झालं. बेंझिनचे सहा कार्बन म्हणजे आपलं षट्स्थल, भक्तीच्या सहा पायऱ्या, हे त्यांनी असं रंगवलं की टाळकऱ्यांचे डोळे भरून आले. प्रत्येक कार्बन शेजाऱ्याचा एक हात घट्ट धरतो आणि एक हात सैल ठेवतो. संसारात असंच राहावं. मी शिवरंजनीकडे अभिमानानं बघितलं. ती म्हणाली, पर्यायांत षट्स्थल नसतं.

दोन दिवसांत रसायन उरकलं. बुधवारी जीवशास्त्र उघडलं. पहिला धडा फुलांचा, परागकणांचा. बायका खूश. मग अण्णांनी पान उलटलं, दुसऱ्या धड्याचं नाव मनातल्या मनात वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी जाऊन वाकून बघितलं. प्राण्यांमधलं प्रजनन. माणूस धरून. चित्रांसह.

आता सप्ताहाचा नियम असा, की अध्याय गाळला तर पारायण खंडित. गाळता येईना, वाचता येईना. शेवटी अण्णांनी डोळे मिटल्यासारखे करून ते सगळं एका दमात म्हणून टाकलं. इंग्रजीमुळे कुणाला काही समजलं नाही आणि मी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात सरजाबाई हात जोडून म्हणाल्या, "आता अर्थ सांगा."

अण्णांनी महाराजांकडे बघितलं. महाराज म्हणाले, हे सगळं शिवशक्तीचं आहे. सरजाबाई म्हणाल्या, ते तर हायच, पण त्या चित्रात काय हाय? महाराजांना अचानक फोन आला. ते बाहेर गेले. अण्णांना चहा आठवला. पाच मिनिटांत ओसरीवरचा एकेक पुरुष रस्त्यावर जाऊन आभाळ बघायला लागला. मीसुद्धा. आभाळात काही नव्हतं.

आतून शिवरंजनीचा आवाज आला. ती चौरंगापुढे बसली होती आणि सरळ मराठीत सांगत होती. कुठला अवयव, कुठलं संप्रेरक, पाळी मागं-पुढं का होते. बायकांनी आधी पदर तोंडाला लावले. मग पदर खाली आले. मग प्रश्न सुरू झाले, ते थांबेचनात. दुपारपर्यंत ती तिसऱ्या धड्यावर पोचली.

"पोरगी होणार का पोरगा, ते बापाकडून ठरतं," ती सांगत होती. "आईकडून कायम एक्सच येतो. बापाकडून कधी एक्स, कधी वाय."

बायकांनी मागे वळून बघितलं. सरजाबाईंच्या सुनेला, नीलमला, तीन मुली. त्यावरून सरजाबाईंनी तिला काय काय ऐकवलंय, ते भिंतीपलीकडून आम्ही सहा वर्षं ऐकतोय. नीलम मागे कोपऱ्यात बसली होती, मान खाली.

"पक्कं हाय का हे?" सरजाबाईंनी विचारलं.

"परीक्षेत विचारतेत, मावशी."

सरजाबाई उठल्या, दारापर्यंत आल्या आणि माझ्याशेजारी आभाळ बघत उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाला, शिवप्रसादला म्हणाल्या, "आत ये. बस हितं. तुझा धडा चालू हाय."

तो गेला. नीलमनं मान वर केली. त्या पोरीचे दात मी पहिल्यांदाच बघितले.

झालं! गुरुवारी मांडवात साठ बायका. शेजारच्या गल्लीतल्या, पिशवीत जुने रिपोर्ट घेऊन. आसाराम अण्णांना कुणी वाचू देईना. शुक्रवारी शिवकांत महाराज स्वतः वही घेऊन बसले आणि इन्सुलिन म्हणजे नेमकं काय, सकाळी पेढा चालेल का, असं विचारू लागले. पोरीचा घसा बसला. ती मला घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आप्पा, एक पेपर सोडवून बघितला न्हाई मी. भौतिकशास्त्र तर हातातच घेतलं न्हाई."

मी म्हणालो, भौतिकशास्त्र रविवारी आहे ना.

रविवारी समाप्ती. समाप्तीच्या पंक्तीला हुग्गी. गव्हाच्या त्या गोड वासापुढे विद्युतचुंबकाचं काय चालणार? अण्णा एकावेळी चार-चार पानं उलटू लागले. कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही, मी पंक्तीचं बघत होतो. अख्खं भौतिकशास्त्र चाळीस मिनिटांत संपलं आणि शेवटच्या ओळीला सगळ्यांनी अक्षता टाकल्या.

उरलेला आठवडा पोरगी खोलीत कडी लावून बसली. जेवणाचं ताट भागम्मा दारात ठेवायची. माझ्याशी दोघीही बोलत नव्हत्या.

निकाल आला. जीवशास्त्रात अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल. रसायनात एकाहत्तर. भौतिकशास्त्रात अडतीस.

सरकारी कॉलेजची जागा गेली. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "चार दिवस आधी पुस्तक हातात असतं तर."

सप्ताह कमिटीनं मात्र चौकात फलक लावला: अखंड पारायणाचा प्रताप, जीवशास्त्रात अठ्ठ्याण्णव. त्यावर माझा फोटो मोठा, महाराजांचा त्याहून मोठा आणि शिवरंजनीचा तिकिटाएवढा. भौतिकशास्त्राचा उल्लेख नाही.

मग कॉलेजांचे पर्याय भरायची वेळ आली. तिनं एकटीनं बसून फॉर्म भरला. मी नंतर यादी बघितली. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, पार चंद्रपूर.

"परभणी कुठाय?"

"टाकलं न्हाई."

"नांदेड?"

"न्हाई."

मी विचारलं, मग निवडलंस तरी कशावरून? कॉलेजचं नाव बघून, का प्रयोगशाळा बघून?

"अंतर बघून," ती म्हणाली. "जिथं तुमची कमिटी सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकत न्हाई, तेवढीच टाकलीत."

कोल्हापूरकडचं एक कॉलेज मिळालंय. खाजगी आहे, पण चांगलं आहे म्हणतात. ती गेल्यापासून सरजाबाई रोज विचारतात, पोरगी कवा येणार, माझे दोन प्रश्न राहिलेत. मी म्हणतो, येईल दिवाळीला.

परवा स्टँडवर सहज चौकशी केली. गाडी बदलावी लागते, मुक्कामही करावा लागतो, पण कमिटीतले पाच-सहा जण असले तर जमण्यासारखं आहे. तिला एवढ्यात कळवू नका.