तुळाजी अस्वलाचा खांदा

बाळांनो, बाह्या खाली करा, आज कुणाला टोचणार नाही.

एका जंगलात सुई टोचून घेतल्याशिवाय कुणाला बरंच वाटत नसे. त्यामुळे डॉक्टर साळिंदराची मोठी चलती होती. सुया त्याच्या अंगावरच होत्या.

त्या जंगलात तुळाजी नावाचं अस्वल होतं. झाडावर चढून मधाची पोळी उतरवायची आणि दोन पिल्लांचं पोट भरायचं, एवढंच त्याला ठाऊक. ऐन हंगामात त्याचा खांदा धरला.

"गोळ्या नकोत, सुईच द्या," तुळाजी म्हणाला. "उद्या झाडावर चढायचंय."

साळिंदराने स्टेरॉइडची सुई दिली. दुखणं पळालं. तुळाजी आठवडाभर भेटेल त्याला खांदा फिरवून दाखवत होता.

दोन महिन्यांनी सुईच्या जागी खड्डा पडला. आतली चरबी विरली. कातडी पांढरट आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. झाडाची साल नुसती घासली तरी रक्त यायचं. चढणं बंद पडलं. पिल्लं पोळ्याकडे बघत खाली बसून राहत. तुळाजी मनातून घाबरला.

गोदाक्का कासवीणही डॉक्टरच होती. पण ती आधी तपासायची, म्हणून तिच्याकडे कुणी फिरकत नसे. तुळाजी गुपचूप तिच्याकडे गेला. तिने खड्डा चाचपला.

"त्या सुईतल्या औषधानं झालंय, बाबा. आता तसली सुई नको. वर्षभरात बहुतेक आपोआप भरेल. नाहीच भरला, तर मिठाचं निर्जंतुक पाणी थोडं थोडं टोचून बघू."

"वर्षभर थांबू? आणि वर पाणी?"

तुळाजीला हा अपमान वाटला. तो तडक साळिंदराकडे गेला.

साळिंदराने दोन्ही खांदे निरखले. "खड्डा कुठाय? तुझा दुसरा खांदा सुजलाय."

त्याने दुसऱ्या खांद्यात सुई दिली. यथावकाश दोन्ही खांदे सारखे झाले. डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं शेजारीपाजारी म्हणाले. तुळाजी झाडाखाली बसून माकडांनी टाकलेलं मेण चाटू लागला. पिल्लांनाही त्यातलंच देई.

वर्ष सरलं. एके सकाळी तुळाजीने पाहिलं, तर पहिल्या खांद्याचा खड्डा भरत आला होता. कातडीला रंग आला होता, केसही फुटले होते. तो धावतच निघाला.

"डॉक्टरसाहेब, हाही खांदा सुजायला लागला."

"बरं झालं, लवकर आलास," साळिंदर म्हणाला आणि त्याने पाठीवरची सुई उपटली.

तात्पर्य: दुखणं अंगावर काढू नये. वेळीच डॉक्टर गाठला नाही, तर ते आपोआप बरं होतं.