साठा शून्य असताना द्यावयाची उत्तरे

मोजलेली वस्तू आणि असलेली वस्तू यांत फरक नसतो, या विश्वासावर सगळं विज्ञान उभं आहे. याच विश्वासाने मलिका शेखने देवळाली प्रवरातल्या 'प्रवरामाई पंप अँड पाइप्स'चं गोडाऊन रुजू होताच स्वतः मोजलं. पीव्हीसी एल्बो ४१२. ठिबकच्या नळीची बंडलं ३७. पाच एचपीच्या मोटारी २. मांजर १ (दुकानाच्या मालकीचं नाही). अडीच इंची फुटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप), शून्य.

मलिका भौतिकशास्त्राची पदवीधर. तीन महिने तात्पुरती, काम पटलं तर कायम. दुकानाने व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायला कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सहायक घेतला होता. त्याने साठा पाहण्याचं साधन कसं वापरावं, याची माहितीपत्रिका तिने लिहायची होती. ही पत्रिका माणूस वाचणार नव्हता. त्यामुळे ती शेवटच्या पानापर्यंत वाचली जाण्याची तालुक्यात प्रथमच खात्री होती.

तिने लिहिलं: 'साधन शिल्लक संख्या देते. संख्या शून्य असल्यास वस्तू उपलब्ध नाही, असे ग्राहकास सांगावे.'

सहायकाने पहिल्याच दिवशी तीस जणांना तसं सांगितलं. तीसच्या तीस जण समोरच्या दुकानात गेले. (तिथेही फुटव्हॉल्व्ह नव्हता. ते तिथे दोन तास बसले.)

मालक काकासाहेबांनी तिला काउंटरवर बोलावलं. "पोरी, चाळीस वर्षं झाली, या काउंटरवर 'नाही' कुणी म्हणलं न्हाई. वडलांनी न्हाई, मी न्हाई. तुझ्या मशिनीनं एका दिवसात तीसदा म्हणलं."

"पण काका, माल नव्हता."

"नव्हता, ते मला ठाव हाय. गिऱ्हाइकाला कशाला पायजे? तक्रारी थांबव, मग तुझ्या कायमचं बघू."

मलिका मुळात जिज्ञासू. शून्याबद्दल आपल्याला अपुरं शिकवलं गेलं असावं, अशी शंका येऊन ती आठवडाभर काउंटरशेजारी उभी राहिली आणि निरीक्षणांतून तिने पत्रिकेची सुधारित आवृत्ती काढली. तीत शून्याचे प्रकार नोंदवले होते. 'गाडी निघाली आहे' (कुठून, हे ग्राहक विचारत नाही). 'कालच संपला' (हे विधान वर्षभर वापरता येते). 'नगरला निरोप दिलाय'. शिवाय एक प्रगत प्रकार, ज्यात संख्या दोन असते पण उत्तर शून्याचे द्यायचे, कारण दोन्ही मोटारी काकासाहेबांच्या व्याह्यांसाठी बाजूला ठेवलेल्या असतात. 'चहा घ्या' हेही तिने आधी शून्यातच धरलं होतं, पण सहायकाने ते व्हॉट्सअ‍ॅपवर म्हटल्यावर बेलापूरचे एक गृहस्थ खरोखर आले, चहा प्यायले आणि काम झाल्यासारखे परत गेले. तेव्हा ते कलम स्वतंत्र केलं.

तरीही तिचा जीव खऱ्या उत्तरात अडकलेला. ती म्हणाली, "काका, एकदा मोजून बघू. गिऱ्हाईक कुठल्या उत्तरावर जास्त खूश, ते. खरं जिंकलं तर पत्रिका माझ्या पद्धतीनं."

"मोज की," काकासाहेब म्हणाले. "मोजण्याला माझी हरकत कधीच नसती. निकालाला असती."

फुटव्हॉल्व्ह विचारणारे एकशेवीस जण घेतले. साठ जणांना सहायकाने खरं सांगितलं: 'आज नाही. गुरुवारी येईल.' त्यावर बजरंग नावाच्या गिऱ्हाइकाने लिहिलं, "मंग दुकान कशापायी उघडलं?" उरलेल्या साठ जणांना सांगितलं, 'गाडी निघाली आहे, संध्याकाळी चक्कर मारा.' त्यातले रामहरी तत्काळ उत्तरले, "निगालोच शेठ. पाच मिन्टात पोचतो." (त्यांनी सोबत पाठवलेल्या लोकेशननुसार ते तासाभराच्या अंतरावर, नेवाशात होते आणि स्थिर होते.) मलिकाने तक्त्यात एक रकाना वाढवला.

निकाल असा. खरं उत्तर मिळालेले ६०: गुरुवारी येऊन माल घेऊन गेले ७, समाधान पाचपैकी १.९, तक्रारी ४४. दुसरं उत्तर मिळालेले ६०: 'निघालोच' म्हणाले ५३, निघाले ४, समाधान पाचपैकी ४.८, तक्रारी शून्य. (हा शून्य कोणत्या प्रकारातला, ते तपासलेले नाही.)

सुधारित आवृत्ती लागू झाली. त्या महिन्यात सहायकाविरुद्ध एकही तक्रार आली नाही, आणि तीन महिने भरले त्या सकाळी मलिका काउंटरसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, माझं कायमचं पत्र?"

"झालंच म्हणून समज," काकासाहेब मान वर न करता म्हणाले. "सहीला गेलंय. संध्याकाळी चक्कर मार."

दुकानात सही करणारे काकासाहेब एकटेच होते. हे मलिकाला माहीत होतं.

"बरं काका," ती म्हणाली. जागेवर येऊन तिने, अनुभव अजून ताजा असताना, तक्त्यात एकशेएकविसावी नोंद स्वतःची केली. समाधान: पाचपैकी पाच.